पुलाखाली गोठणारं चित्र

रायलीला थांबता येत नसे. हा दोष आहे असं तिचा नवरा ताउनो कधी म्हणाला नाही. पण म्हणायला त्याला फट तरी कुठे मिळत होती? तो तोंड उघडून पहिला शब्द बाहेर काढतो न काढतो तोच रायली त्याचं वाक्य पुरं करी, त्याला उत्तर देई, त्या उत्तरावर तो जे म्हणाला असता तेही खोडून काढी आणि कॉफी ठेवायला उठे.

तिला एकटीला बोल लावण्यातही अर्थ नाही. ती फिनलंडमधल्या सावो भागातली. सावोची माणसं बोलायला बसली की घरातलं मांजरसुद्धा ऐकून ऐकून दमतं. आणि ताउनो हामे भागातला. हामेच्या माणसाला सोमवारी चिमटा काढला तर तो बुधवारी 'आई गं' म्हणतो, असं बाकीचा फिनलंड म्हणतो, आणि हामेची माणसं त्यावर शुक्रवारी हसतात. हे दोघं भेटले उन्हाळी नाचाच्या मांडवात. ताउनो म्हणाला, "रायली, मी म्हणत होतो की आपण दोघं..." आणि रायली म्हणाली, "हो, करू या की! जुलैमध्ये करू, तेव्हा स्ट्रॉबेरी भरपूर असतात." लग्न झालं, स्ट्रॉबेरीही झाल्या. ताउनोला खरोखर लग्नाचंच विचारायचं होतं, की 'आपण दोघं जरा त्या बाकावर बसू या' एवढंच म्हणायचं होतं, हे रायलीच्या माहेरी अजूनही कुणाला ठाऊक नाही. संसार मात्र छान झाला.

ओउलूत ताउनोचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि रायली रस्त्यावरचा बर्फ पात्याने ढकलणारी बर्फगाडी चालवायची. या गावात नाकातले केस गोठले तरी माणसं सायकल सोडत नाहीत. आजीबाई सायकलवर, बँकेचा साहेब सायकलवर, शाळेतली पोरं तर जन्मली तीच सायकलवर. त्यामुळे मोटारींचा रस्ता एक वेळ उशिरा साफ झाला तरी कुणी कुरकुर करत नाही. सायकलींचा रस्ता मात्र शाळा भरायच्या आत लख्ख झालाच पाहिजे. त्यातला नदीकाठचा रस्ता रायलीचा. डेपोपासून निघायचं, रेल्वेच्या पुलाखालून जायचं, पुढे बर्फात भोक पाडून डुंबणाऱ्यांची लाकडी खोली लागते ती ओलांडायची आणि शाळेच्या फाटकाशी थांबायचं. रस्ता रायलीच्या नावावर नव्हता, पण कुठे झाडाचं मूळ वर आलंय, कुठे वाऱ्याने बर्फ साचतो, कोणत्या वळणावर पातं बोटभर उचलायचं हे तिच्या हातांना झोपेत माहीत होतं. ती आजारी पडली आणि दुसऱ्याने रस्ता साफ केला, तर बरी झाल्यावर ती आधी तो रस्ता तपासायला जायची आणि मग औषधाच्या दुकानात.

आणि पुलाखाली रोज एक गोष्ट घडायची. ताउनो दुकान उघडायला त्याच वेळी निघे. वाऱ्याला आडोसा म्हणून तो पुलाखाली खांबाला सायकल टेकवून थांबे. गाडी आली की हात वर करी, तोही हळू, एखादं जड दार उघडावं तसा. रायली पुढचे दिवे एकदा विझवून पुन्हा लावी. बस, एवढंच. मग तो त्याच्या वाटेने, ती तिच्या. घरी यावर कधी अवाक्षर निघालं नाही. रायली जिच्याबद्दल बोलत नसे अशी जगात ही एकच गोष्ट होती.

मग रायलीच्या मणक्याने संप केला. इतके हिवाळे केबिनमध्ये हिंदकळून घेतल्यावर तो तरी किती सोसणार! डॉक्टरीण म्हणाली, "पुन्हा केबिनमध्ये चढलीस तर तुला कायमचं आडवं व्हावं लागेल." त्याच शरद ऋतूत ताउनोने गुडघे दुखतात म्हणून दुकान बंद केलं. घरात दोन रिकामी माणसं समोरासमोर बसायची वेळ आली, आणि रायली मनातून फार घाबरली.

नेमकं तेव्हाच बर्फकामाचं कंत्राट असलेल्या कंपनीने एक प्रयोग काढला. गाडीत कुणी बसायचं नाही. डेपोच्या एका खोलीत खुर्ची, समोर मोठा पडदा, हाताशी दांडा. गाडीवर कॅमेरे. दांडा हलवला की हुकूम मोबाइलच्या नेटवर्कवरून गाडीला जाणार, गाडी हलणार, आणि तिला काय दिसतंय ते त्याच वाटेने पडद्यावर येणार. मुकादम पेर्त्तीने सगळ्या चालकांना जमवून विचारलं, "या खुर्चीत बसायला कुणाला..."

"मला," रायली म्हणाली.

"अगं, मी अजून सांगितलं नाही की..."

"प्रयोग फसला तर काय, तेच ना? सांग."

प्रयोग फसला तर नदीकाठचा रस्ता दुसऱ्या कंत्राटदाराच्या दांडग्या गाडीकडे जाणार होता आणि रायली निसरड्या रस्त्यांवर टाकायच्या वाळूच्या कोठारात. तिथे खिडकीत बसून आल्यागेल्या ट्रकला मान हलवायची. जमला तर निवृत्तीपर्यंत खुर्ची तिची, रस्ता तिचा. नगरपालिकेची समिती फेब्रुवारीत येऊन बघणार होती.

"मला कोठारात बसवलंस तर मी आठवड्यात मरेन," रायलीने बजावलं.

"ट्रकवाल्यांना बोलून बोलून मारशील म्हण," पेर्त्ती म्हणाला.

यंत्राची व्यवस्था बघायला वेन्ला नावाची इंजिनिअर आली. तिला घरी जुळी होती, त्यामुळे ती कायम अर्धवट झोपेत असे, पण बोलायला चोख. पहिल्या दिवशी तिने रायलीला खुर्चीत बसवलं आणि म्हणाली, "एक लक्षात ठेव. तू दांडा हलवशील आणि पडद्यावर लगेच काही दिसणार नाही. हुकूम जायला वेळ लागतो, चित्र यायला वेळ लागतो. पापणी लवावी एवढाच, पण लागतो."

"कळलं," रायली म्हणाली. तिला काहीही कळलं नव्हतं.

तिने गाडी किंचित डावीकडे घेतली. पडद्यावर काही हललं नाही. म्हणून तिने आणखी डावीकडे घेतली. एवढ्यात पहिला हुकूम पोचला, पाठोपाठ दुसराही पोचला आणि गाडी डावीकडच्या झुडपांत शिरू लागली. रायलीने घाईने दांडा उजवीकडे ओढला, पडदा ढिम्म, आणखी ओढला, आणि मग गाडी उजवीकडे अशी वळली की मागून सायकलवर येणाऱ्या पेर्त्तीने देवाचं नाव घेतलं. पेर्त्तीच्या गळ्यात एक लाल बटण लटकवलेलं होतं. काही विपरीत दिसलं की ते दाबायचं, गाडी जागच्या जागी उभी. पहिल्या आठवड्यात त्याचा अंगठा सुजला.

त्या दिवशीचा रस्ता बघून शाळेतल्या पोरांनी विचारलं म्हणे, की गाडी दारू प्यायली होती का.

"सरळ रस्ता आहे! आंधळीसुद्धा चालवेल!" रायली चिडून म्हणाली.

"आंधळी चालवेल," वेन्ला म्हणाली, "कारण ती चाचपडत चालवेल. तू दिसायच्या आधी दुरुस्त करतेस. जी चूक अजून झालेलीच नाही ती तू सुधारायला जातेस."

हे वाक्य रायलीच्या वर्मी लागलं. कुणीतरी आपल्या घरात डोकावून बघितल्यासारखं तिला वाटलं.

सगळ्यात वैताग पुलाचा. पुलाच्या अलीकडे गाडी एका टॉवरच्या भरवशावर असे, पलीकडे दुसऱ्या. मधल्या मध्ये, बरोबर पुलाखाली, एक टॉवर हात सोडी आणि दुसऱ्याने अजून धरलेला नसे. तेवढ्यात पडद्यावरचं चित्र गोठे. संपर्क तुटला की गाडी आपणहून थांबायची, तशी सोय वेन्लाने केली होती. पण थांबणं ही गाडीची सोय होती, रायलीची नव्हे. ती दांडा पुढे रेटूनच बसे. तिचा हुकूम हलका, तो आधी पोचे. चित्र जड, ते मागाहून येई. त्यामुळे धागा जुळल्याबरोबर गाडी उडी मारल्यासारखी पुढे सुटे, आणि पडदा जिवंत होई तोवर पूल मागे पडलेला असे.

पहिल्या दिवशी पुलाशी येताना रायली पडद्याकडे जरा वाकून बघत होती. चित्र गोठलं, परत आलं तेव्हा समोर नदी. बरोबरच आहे, तिने मनाशी म्हटलं. दुकान बंद झालं, ताउनो आता पांघरुणात असणार. आणि रिकाम्या केबिनला हात कोण करणार? तिला वाईट वाटलं, पण सांगायचं कुणाला? मग तिने वाकून बघणं सोडलं.

जानेवारीत ती घसरगाड्यांची भानगड झाली. घसरगाडी म्हणजे खुर्चीला खाली दोन लांब लोखंडी पट्ट्या. मागे उभं राहायचं आणि एका पायाने रेटत जायचं. गावातल्या म्हाताऱ्यांचं हे वाहन. सकाळी नदीच्या भोकात डुंबायला येणाऱ्या आज्या आपापल्या घसरगाड्या त्या लाकडी खोलीबाहेर ओळीने लावतात. ती खोली पूल ओलांडला की लगेच. त्या दिवशी पुलाखाली चित्र नेहमीपेक्षा जास्त वेळ गोठलं, रायलीने दांडा नेहमीपेक्षा जास्त जोराने रेटला, आणि गाडीने पुलाखालून जी झेप घेतली ती थेट त्या ओळीवर. पेर्त्तीने बटण दाबलं, पण हातात जाड मोजे. दाबलं ते दोरीवर. सगळ्या घसरगाड्या बर्फाच्या ढिगात मुठींपर्यंत गाडल्या गेल्या. आतून टॉवेल गुंडाळलेल्या, डोक्यावर लोकरी टोप्या घातलेल्या आज्या बाहेर आल्या आणि केबिनकडे तोंड करून शिव्या देऊ लागल्या.

"केबिनमध्ये कुणी नाही, आजी," पेर्त्ती म्हणाला.

"ते दिसतंच आहे!" एक आजी कडाडली.

रायली डेपोतल्या खुर्चीत बसून हे सगळं पडद्यावर बघत होती, आवाजासकट. तिच्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तिने कुणाच्या टपालपेटीलाही धक्का लावला नव्हता. ती उठून मोरीत गेली आणि नळ सोडून रडली.

घरी आली तेव्हा ताउनो टेबलाशी बसला होता. कॉफी तयार होती, वेलदोड्याचा पाव कापून ठेवला होता. दाराशी त्याचे बूट ओले.

"बर्फ झाडून आत येत जा, किती वेळा सांगू?" रायली म्हणाली.

ताउनोने तिच्याकडे बघितलं. "घसरगाड्या..." तो म्हणाला.

"कळलं ना तुलाही! पेर्त्तीने फोन केला असेल. त्या माणसाच्या तोंडात तीळ भिजत नाही! मोडल्या असतील सगळ्या, भरपाई द्यावी लागेल, आणि गेली माझी खुर्ची!"

"नीट आहेत," ताउनो म्हणाला. मग थोड्या वेळाने, "पुलाखाली मी..."

"पुलाखाली काय होतं ते मला माहीत आहे! टॉवर बदलतो, चित्र गोठतं, वेन्लाने चित्र काढून समजावलंय. आता तूही समजाव!"

ताउनोने पाव कॉफीत बुडवला आणि खाल्ला.

दुसऱ्या दिवशी खुर्ची सोडायची असं ठरवूनच रायली डेपोत गेली. वेन्ला तिची वाट बघत होती, डोळे नेहमीसारखे लाल.

"टॉवर हलवणं माझ्या हातात नाही," ती म्हणाली. "उशीरही मला संपवता येत नाही. पण एक करता येतं. आत्ता कसं होतं, कधी चित्र चटकन येतं, कधी रेंगाळतं. शाळेची वेळ झाली की सगळी पोरं फोन उघडतात, मग आणखी रेंगाळतं. तुझ्या हाताला सवय लागणार कशी? मी काय केलंय, जे लवकर पोचतं त्यालाही मुद्दाम थोडं थांबवून ठेवलंय. आता सगळं उशिरा येईल, पण सारख्याच उशिराने."

"म्हणजे चांगलं होतं ते वाईट केलंस?"

"उशीर वाईट नसतो गं. रोज बदलणारा उशीर वाईट."

"म्हणजे नवरा उशिरा घरी आला तर चालेल, पण रोज त्याच वेळी यायला हवा."

"तसंच समज," वेन्ला हसली.

रायलीने दांड्यावर हात ठेवला. तिला ताउनो आठवला. ताउनोला काहीही विचारा, पावसाचं विचारा की मरणाचं. त्याचं उत्तर येतं ते ठरलेल्या विश्रांतीनंतर. ना लवकर, ना उशिरा. त्या विश्रांतीत आपण किती बडबड भरली, हे मात्र तिने कधी मोजलं नव्हतं.

"ताउनो," ती पडद्याला म्हणाली, "जरा डावीकडे सरक." दांडा टिचभर हलवला आणि हात काढून घेतला. जीभ दाताखाली धरली. गाडी सरकली. "शहाणा आहेस. आता सरळ चल." पुन्हा हात काढला. गाडी सरळ चालली.

वेन्लाने मागून डोळे चोळले. पेर्त्तीचा फोन आला, "आज गाडीला काय झालंय? आजारी आहे का?"

त्या आठवड्यात रस्ता सुधारला. पुढच्या आठवड्यात तर शाळेतली पोरं म्हणाली, दारू सुटली. रायली खोलीत बसून गाडीशी बोलायची, "ताउनो, तिथे मूळ आहे हां, पातं उचल," आणि थांबायची. "आता टेक," आणि थांबायची. पुलाखाली मात्र तिचा धीर अजून सुटे. चित्र गोठलं की हात आपोआप दांडा रेटी. सवयच ती, इतक्या सहज जाते होय?

"घरच्या ताउनोलाही असंच विचारून थांबतेस का?" वेन्लाने एकदा गमतीत विचारलं.

"त्याला विचारायला कशाला लागतं? तो काय म्हणणार ते मला आधीच..." रायली म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडून कॉफी आणायला गेली.

शनिवारी सौनाचं वाफेचं स्नान झाल्यावर दोघं टेबलाशी बसले होते. लाल गाल, डोक्यावर टॉवेल, समोर मीठ लावलेली मासळी आणि राय धान्याचा काळा पाव. ताउनो म्हणाला, "रायली, पुलाखाली..."

रायलीने तोंड उघडलं आणि मिटलं. आज थांबायचं. दांड्यावरून हात काढल्यासारखे तिने दोन्ही हात मांडीवर घेतले. ताउनो तिच्याकडे बघत राहिला. ती ताउनोकडे बघत राहिली. छपरावरून बर्फाचा एक लगदा घसरून अंगणात पडला. ताउनो थांबला होता ते रायली वाक्य पुरं करील म्हणून. आजवर सगळी वाक्यं तिनेच पुरी केलेली, त्याला अर्धी म्हणायचीच सवय! आणि रायली थांबली होती ती तो पुरं करील म्हणून. मासळीवरचं मीठ विरघळलं तरी कुणी बोलेना.

"अरे, बोल की!" शेवटी रायली फुटली. "मी इथे जीव मुठीत धरून थांबलेय!"

ताउनो दचकला. "नंतर," तो म्हणाला, आणि पावाला लोणी लावू लागला. रायलीला स्वतःचाच राग आला, पण काय करणार?

समिती आली त्या दिवशी पहाटेपासून बर्फ पडत होता. नगरपालिकेची दोन माणसं आणि एक बाई रायलीच्या मागे कॉफीचे कप घेऊन बसली. अट साधी होती: शाळेची घंटा व्हायच्या आत रस्ता पुरा, गाडी रस्त्याबाहेर जायची नाही, आणि पेर्त्तीला लाल बटण दाबावं लागता कामा नये. वेन्ला भिंतीला टेकून उभी होती. ही खुर्ची गेली तर रस्ता गेला, हे रायलीला पक्कं ठाऊक होतं.

"चल, ताउनो," ती हळूच म्हणाली.

गाडी निघाली. मूळ आलं, पातं उचललं गेलं. वळण आलं, वळली. बर्फाची कड दोरी लावल्यासारखी पडत होती. मागे कुणीतरी "छान" म्हणालं. मग पूल आला, आणि चित्र गोठलं.

रायलीचा हात दांड्यावर होता. रेट, असं हात म्हणत होता. रेट, वेळ जातोय, मागे तीन माणसं बसलीत. तिने हात उचलला आणि मांडीवर ठेवला.

पडद्यावर पुलाचं अंधारं तोंड तसंच थिजलेलं. मागे कप बशीत ठेवल्याचा आवाज झाला.

"बंद पडलं का?" समितीतल्या एकाने विचारलं.

"नाही," रायली म्हणाली.

"मग आपण काय करतोय?"

"थांबलोय."

पेर्त्तीचा फोन खणखणला. "गाडी पुलाखाली उभी आहे. दाबू का बटण?"

"दाबून तर बघ!" रायली म्हणाली. "गाडी आपणहून थांबलीय, तिला उभी राहू दे. चित्र आल्याशिवाय मी दांड्याला हात लावणार नाही."

चित्र आलं ते आधी ठिगळाठिगळांचं. करडं, पांढरं, पिवळं. मग ठिगळं जुळत गेली. खांब दिसला. खांबाला टेकवलेली सायकल दिसली. आणि खांबाशेजारी, करडी लोकरी टोपी घातलेला, रिकाम्या केबिनकडे तोंड करून हात वर केलेला एक माणूस उभा होता.

रायलीला क्षणभर ओळखच पटली नाही. मग पटली.

ताउनोने हात वर धरला होता तो तसाच. त्याच्या मिशीवर बर्फ जमला होता. खांबाजवळचा बर्फ बऱ्याच दिवसांच्या उभं राहण्याने तुडवलेला होता; एका माणसाच्या बुटांची तिथे चक्क बैठक झालेली.

"पेर्त्ती," रायली फोनमध्ये म्हणाली, "हा इथे कधीपासून येतोय?"

"कोण, ताउनो? रोज येतो की. डिसेंबरपासून. त्या घसरगाड्या त्यानेच नाही का उपसून काढल्या? रोज हात करतो, तू दिवे लावत नाहीस. मला वाटलं तुमचं भांडण झालंय. नवराबायकोच्या भांडणात मी कशाला पडू?"

रायलीने खुर्चीच्या हाताजवळचं दिव्याचं बटण दाबलं. एकदा विझवले, एकदा लावले. हुकूम निघाला, टॉवरवर गेला, पुलाखाली पोचला; मग तिकडून चित्र निघालं आणि तिच्याकडे यायला लागलं. आणि त्या सगळ्या वेळात ती थांबली, अगदी मनापासून थांबली. पडद्यावर ताउनोचा चेहरा काळोखात गेला आणि पुन्हा उजळला. त्याने पापण्या मिटल्या, उघडल्या. मग त्याच्या ठरलेल्या विश्रांतीनंतर त्याने हात खाली घेतला, मान हलवली आणि सायकल रस्त्याच्या कडेला ओढून वाट दिली.

"चल," रायली गाडीला म्हणाली. या वेळी तिने नाव घेतलं नाही.

घंटा व्हायच्या आत गाडी शाळेच्या फाटकाशी उभी होती. डुंबणाऱ्या आज्यांनी आपल्या घसरगाड्या त्या दिवशी खबरदारी म्हणून आत खोलीतच नेल्या होत्या, पण त्याची गरज पडली नाही. समितीतली बाई उठून म्हणाली, "मला एक फार आवडलं. पादचारी दिसल्याबरोबर चालक थांबली. घाई केली नाही. असंच काम हवं." रायली आधी थांबली होती आणि पादचारी मागाहून दिसला होता, पण तिने ते वाक्य दुरुस्त केलं नाही. वेन्लाने तिच्याकडे चमकून बघितलं. खुर्ची रायलीचीच राहिली.

घरी आली तेव्हा ताउनोचे बूट दाराशी होते, ओले. रायलीने ते उचलले, बाहेर नेऊन बर्फ झाडला आणि शेगडीजवळ वाळत ठेवले. मग ती त्याच्यासमोर येऊन बसली. तिने कॉफी ओतली नाही, पाव कापला नाही. तिचे डोळे भरून आले होते आणि ते तिने लपवले नाहीत.

"इतके दिवस त्या गारठ्यात उभा राहिलास," ती म्हणाली. "रिकाम्या गाडीला हात करत. मला का नाही सांगितलंस?"

आणि ती थांबली. भिंतीवरचं घड्याळ चालत होतं. अंगणात कुणाची तरी सायकल कुरकुरत गेली. ताउनोने चमचा बशीत आडवा ठेवला, तो सरळ केला, मिशीवरून हात फिरवला. रायलीचे हात मांडीवर होते आणि तिने ते हलवले नाहीत.

"सांगतच होतो," ताउनो म्हणाला.